हळदीचा पिवळा कोणी ठरवायचा?

फोटोग्राफी शिकायची आता गरज उरलेली नाही, असं ठामपणे सांगणारी माणसं घरोघरी भेटतात. साठीला आलेल्या वडिलांनी कॅमेऱ्याचा विषय काढला की मुलगा म्हणतो, ‘बाबा, फोनमध्ये सगळं येतं, उगाच पैसे कशाला घालवता?’ मुलीनं शनिवार-रविवारच्या वर्गाची फी मागितली की आई विचारते, ‘तुला काय फोटोग्राफर व्हायचंय? मग शिकून करणार काय?’ पहिल्या आक्षेपाचा भर यंत्रावर, दुसऱ्याचा उपयोगावर. दोन्ही काळजीपोटी घेतले जातात हे मान्य. पण दोन्ही चुकीचे आहेत, आणि ते ऐकून शिकायला निघालेली कितीतरी माणसं दारातूनच परत फिरतात. म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

आधी यंत्राची बाजू पुरी मांडू, कारण ती लेचीपेची नाही. चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर साधारण 10 मिलिमीटर रुंद आणि 7 मिलिमीटर उंच असतो. सुरुवातीला घेतात त्या नेहमीच्या मिररलेस किंवा डीएसएलआर कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळानं पाचपट मोठा. एवढ्याशा सेन्सरवर प्रकाश कमीच पडणार. तरीही 2018 साली गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये नाइट साइट आलं आणि अंधाऱ्या खोलीत, हातात धरून, डोळ्यांना दिसतं त्याहून उजळ फोटो येऊ लागले. फोन एका दाबात अनेक फ्रेम घेतो, हात हलल्यामुळे सरकलेल्या फ्रेम एकमेकींवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. कमी उजेडात फोटोवर येणारे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, दृश्य एकाच जागी असतं. नऊ फ्रेमची सरासरी काढली तर दाणे एकतृतीयांशावर येतात. हे गणित देखणं आहे. ज्यांनी ते फोनमध्ये बसवलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि दिव्यांच्या उजेडात नातवंडांचे फोटो काढणाऱ्या कोट्यवधी लोकांचं त्यानं भलं केलं आहे.

पण ‘यंत्र सगळं करतं, आता शिकायला नको’ हा दावा स्मार्टफोनचा नाही. तो 1888 सालचा आहे. त्या वर्षी जॉर्ज ईस्टमननं पहिला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला बाजारात आणला. आत शंभर फोटोंचा रोल भरलेला, बघायला व्ह्यूफाइंडरसुद्धा नाही. रोल संपला की कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. फोटो धुऊन, नवा रोल घालून तो परत यायचा. बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघू, अशीच त्याची जाहिरात होती. त्या कॅमेऱ्यानं फोटो काढणं सामान्य माणसाच्या हातात आणलं, ही फार मोठी गोष्ट झाली. मात्र शिकणं त्यानं संपवलं नाही. गेली शंभर-सव्वाशे वर्षं जे फोटो आपण थांबून पाहतो ते ‘बाकीचं’ आपल्या हातात घेणाऱ्यांनी काढलेले आहेत. कारण त्या ‘बाकीचं’मध्येच फोटो असतो. किती उजेड घ्यायचा, कुठला रंग खरा मानायचा, काय धारदार ठेवायचं, काय पुसट, हे सगळं बटणाच्या पलीकडचं आहे. ते तुम्ही ठरवलं नाही तर दुसरं कुणीतरी ठरवतं, एवढाच फरक.

हे कसं घडतं ते पाहायला हळदीचा कार्यक्रम घ्या. सकाळी दहा-साडेदहाची वेळ, दारात मांडव, मांडवाला पिवळं कापड. वर ऊन आहे, पण ते कापडातून गाळून खाली येतं, त्यामुळे मांडवातला उजेडच पिवळा झालेला. नवरीच्या अंगावर पिवळी साडी, गालाला-हाताला ओली हळद, शेजारी करवल्या, ताटात आंब्याची पानं. आता फोन किंवा ऑटोवर ठेवलेला कॅमेरा काय करतो? पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून तो उजेडाचा रंग ओळखायचा प्रयत्न करतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. पण समोर सगळंच पिवळं असलं तर त्याला एक गोष्ट कळू शकत नाही: पिवळेपणा उजेडाचा किती आणि हळदीचा किती? दृश्यात एकच रंग फार झाला की तो उजेडाचा दोष समजायचा, असा त्याच्या हिशेबाचा कल असतो. म्हणून तो निळा वाढवतो. झालं! हळद फिकट, साडी मळकट, आंब्याची पानं निळसर आणि नवरीचा चेहरा आजारी माणसासारखा पांढुरका. पुढची फ्रेम जरा बाजूला वळून घेतली आणि तिच्यात एखादा निळा शर्ट आला तर हिशेब बदलतो, आणि तीच हळद वेगळ्याच रंगाची येते. एकाच हळदीचे पन्नास फोटो, पन्नास पिवळे.

शिकलेला हौशी माणूस इथे काय करतो? कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो मांडवात एक कोरा पांढरा कागद धरतो, त्याचा फोटो घेतो आणि ‘या उजेडात हा कागद पांढरा’ असं कॅमेऱ्याला सांगून टाकतो. कस्टम व्हाइट बॅलन्स म्हणतात ते हेच. पाच मिनिटांचं काम. यानंतर आजोबांचं धोतर पांढरं येतं, पानं हिरवी येतात आणि हळद हळदीच्याच रंगाची येते, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत. किंवा तो मुद्दाम डेलाइटवर ठेवतो आणि मांडवाची पिवळी झाक तशीच राहू देतो, कारण त्याला ती सकाळ तशीच आठवणीत हवी असते. दोन्ही बरोबर आहेत. दोन्हींत निवड त्याची आहे.

उजेडाच्या मापाचीही तीच गत. कॅमेऱ्यातला मीटर ढोबळमानानं असं धरून चालतो की समोरचं जग सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं आहे, पडलेल्या उजेडापैकी सुमारे 18 टक्के परतवणारं. वारीत दिंडी समोरून येते तेव्हा फ्रेम पांढऱ्या सदऱ्यांनी, धोतरांनी आणि टोप्यांनी भरून जाते. मीटरला वाटतं उजेड फार झाला; तो एक्स्पोजर खाली आणतो. पांढरं करडं होतं आणि टोपीखालचे रापलेले चेहरे काळे पडतात. म्हशींचा कळप समोर आला की उलटं: मीटर उजेड वाढवतो, म्हशी धुरकट राखाडी दिसतात आणि मागचं आकाश जळून कोरं होतं. हल्लीचे मीटर याहून हुशार आहेत, चेहरा ओळखतात, फोन तर दोन-तीन एक्स्पोजर एकत्र करतो. तरीही ‘पांढऱ्यासाठी प्लस, काळ्यासाठी मायनस’ एवढं एक वाक्य ज्याला उमगलं आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या दिंडीसमोर यंत्राच्या पुढे एक पाऊल असतो. फोनवरही ही सोय आहे: चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं आणि शेजारची पट्टी वरखाली करायची. कितीजणांनी ती कधी वापरून पाहिली आहे?

‘पण फोन ठरवतो ते चांगलंच ठरवतो की,’ असं यावर म्हटलं जातं. चांगलं म्हणजे कुणाच्या मते चांगलं? फिल्मच्या काळात प्रयोगशाळेतले रंग जुळवायला कोडॅक एक नमुना-छायाचित्र देत असे. त्यावर गोऱ्या कातडीची तरुणी असायची. ‘शर्ली कार्ड’ या नावानं ती कार्डं ओळखली जात. तिची कांती बरोबर आली की मशीन बरोबर. काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो वर्षानुवर्षं बिघडत राहिले, आणि फिल्ममधले तपकिरी रंग सुधारण्यामागे फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असं या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. डिजिटलमध्ये हा प्रश्न आपोआप सुटला नाही. 2021 मध्ये गूगलला पिक्सेलसाठी ‘रिअल टोन’ नावाचं काम वेगळं करावं लागलं, कारण सावळ्या त्वचेला तोवरचे कॅमेरे न्याय देत नव्हते. आपल्याकडे तर कितीतरी फोन ब्यूटी मोड चालू ठेवूनच हातात येतात. सेल्फी काढली की गाल गुळगुळीत, रंग एक छटा उजळ. आपल्या सावळ्या मुलींना स्वतःचा चेहरा रोज दहा वेळा किंचित गोरा करून दाखवला जातो, आणि ते त्यांनी मागितलेलं नसतं. याची मला मनापासून चीड आहे. हे बंद कुठून करायचं आणि सावळा चेहरा खिडकीच्या आडव्या उजेडात किती सुंदर दिसतो, एवढं जरी एखाद्या वर्गात शिकवलं तरी त्या वर्गाची फी वसूल झाली.

पोर्ट्रेट मोडबद्दल थोडक्यात. तिथली मागची धूसरता बरीचशी अंदाजानं रंगवलेली असते. माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं हे फोन ओळखून मागचं पुसतो. साध्या चेहऱ्याला हे जमतं. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीचा फोटो काढून तो मोठा करून पाहा: गालाशी लोंबणाऱ्या सरांपैकी एक धारदार, दुसरी अर्धी विरघळलेली, नथीच्या कडेला मोत्याभोवती वलय. लेन्सनं होणारी धूसरता अशी नसते. ती अंतरानुसार हळूहळू वाढत जाते, आणि अ‍ॅपर्चर किती उघडायचं हे ठरवून ती कमीजास्त करता येते. साध्या 50 मिलिमीटर एफ 1.8 लेन्सवर हे एका दुपारी समजतं.

‘नंतर एडिटमध्ये सुधारू’ हेही उत्तर ऐकू येतं. सुधारायला काहीतरी शिल्लक लागतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. जे जेपेगमध्ये फेकून दिलं गेलं ते कुठलंही अ‍ॅप परत आणत नाही. फार तर तिथे काय असावं याचा अंदाज भरतं.

आणि हा अंदाज कुठवर जातो ते 2023 च्या मार्चमध्ये दिसलं. सॅमसंगच्या एस 23 अल्ट्रा या फोनवर काढलेल्या चंद्राच्या फोटोंची बरीच वाहवा चालली होती. एका वापरकर्त्यानं चंद्राचं चित्र मुद्दाम लहान आणि धूसर केलं, इतकं की त्यात खड्डे-डाग काही उरले नाहीत, ते संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि अंधारात लांबून त्याचा फोटो काढला. फोननं त्या धूसर ठिपक्यावर खड्डे-डाग आणून ठेवले. फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या माहितीच्या आधारे त्यातले बारकावे वाढवतो, असं स्पष्टीकरण कंपनीनं नंतर स्वतःच दिलं. समोर नसलेलं त्यानं दाखवलं. ‘शिकायची गरज काय’ म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाशी थोडं थांबावं.

आता तोच चंद्र शिकणाऱ्या माणसाच्या वाट्याला कसा येतो ते पाहा. पहिल्या रात्री त्याच्या फोटोत चंद्र म्हणजे पांढरा डाग असतो. का? आकाश काळं, म्हणून मीटरनं एक्स्पोजर वाढवलं. मग त्याला कुणीतरी सांगतं की चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक आहे. त्याला दिवसाचं एक्स्पोजर द्यायचं: एफ 11, आयएसओ 100, शटर 1/100 किंवा 1/125. डाग दिसू लागतात, पण चंद्र चिमुकला येतो. आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश व्यापतो, त्यामुळे लेन्सच्या फोकल लेंग्थला 110 नं भागलं की सेन्सरवर तो किती मिलिमीटर येईल ते कळतं. किट लेन्सच्या 55 वर अर्धा मिलिमीटर, 200 वर 1.8. म्हणजे नुसता चंद्र काढण्यात अर्थ नाही, समोर काहीतरी हवं. एखादं देवळाचं शिखर चंद्राएवढं दिसायला शिखराच्या उंचीच्या 110 पट लांब जायला हवं. दहा मीटरच्या शिखरासाठी 1100 मीटर. कोजागिरीचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला पूर्वेला उगवतो, म्हणून देवळाच्या पश्चिमेला, किलोमीटरभर दूर, उंचवट्याची जागा शोधायची. त्या वेळी आकाशात उजेड उरलेला असतो, म्हणून शिखराचे थर दिसतात आणि चंद्रही जळत नाही; अर्ध्या-पाऊण तासानं ते जमत नाही. हे सगळं करताना त्या माणसाला आपल्या गावाच्या दिशा कळतात, चंद्र रोज किती उशिरा उगवतो ते कळतं, संध्याकाळचा उजेड मिनिटामिनिटाला कसा उतरतो ते कळतं. फोटो फसला तरी हे ज्ञान त्याच्याकडे राहतं. भरून दिलेल्या खड्ड्यांमधून यातलं काय मिळतं?

इथे दुसऱ्या आक्षेपाकडे येतो: धंदा करायचा नाही तर शिकायचं कशाला? घरी हार्मोनियम शिकणाऱ्या माणसाला आपण हा प्रश्न विचारत नाही. त्याला मैफल करायची नसते, तरी सूर लागल्याचा त्याचा आनंद आपल्याला समजतो, आणि दहा वर्षं पेटी शिकलेला माणूस गाणं वेगळ्या कानांनी ऐकतो हेही आपण जाणतो. फोटोग्राफीच्या वाट्याला हा मान का नाही? तिचा इतिहास तर हौशी लोकांनीच घडवला आहे. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉनचा जन्म 1815 मध्ये कोलकात्यात झाला. पुढे इंग्लंडमध्ये राहत असताना 1863 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयानं तिला कॅमेरा भेट दिला. काचेवर ओलं रसायन पसरून, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, अशी ती कटकटीची पद्धत तिनं कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ करून आत्मसात केली. फोकस धूसर आहे म्हणून जाणकारांनी तिला नावं ठेवली. तिनं काढलेले चेहरे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपले गौतम राजाध्यक्ष शिकले रसायनशास्त्र, नोकरी केली जाहिरात कंपनीत, आणि नाव झालं ते चेहऱ्यांच्या छायाचित्रांमुळे. पण प्रसिद्धीची उदाहरणं दिली म्हणून मुद्दा प्रसिद्धीचा होऊ नये. पन्नाशीतल्या बँक कर्मचाऱ्याचे फोटो कुठेही छापून आले नाहीत तरी त्यानं आपल्या आईचा एक चेहरा नीट काढला असेल, तर ते शिकणं सार्थ आहे.

शिवाय शिकायला आजच्याइतका सोयीचा काळ कधी नव्हता, आणि नेमक्या याच काळात ‘शिकू नका’ हा सल्ला दिला जातोय, याचं मला वाईट वाटतं. स्टीव्हन सॅसननं 1975 मध्ये कोडॅकमध्ये जोडलेला पहिला डिजिटल कॅमेरा साडेतीन किलोंच्या वर वजनाचा होता. 100 बाय 100 ठिपक्यांचा एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायची. त्यानंतर बरीच वर्षं आपण 36 फोटोंच्या रोलवरच शिकलो. रोल संपायचा, धुऊन यायला दिवस जायचे, आणि चुकलेल्या फोटोला शटर किती ठेवलं होतं हे वहीत लिहिलेलं नसेल तर चूक कळायचीही नाही. प्रत्येक चुकीला पैसे पडायचे. त्यामुळे शिक्षकाच्या, कारकुनाच्या, शेतकऱ्याच्या घरात हा छंद परवडत नसे. डिजिटलनं आपल्याला सगळ्यात मोठं काही दिलं असेल तर ते हे: चूक फुकट झाली आणि लगेच दिसू लागली. फाइलमध्येच शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ नोंदलेली असते. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटला की आकाश उडालं, हे जागच्या जागी कळतं.

आता आपल्याच बाजूच्या लोकांनाही बोलायला हवं, कारण नवख्यांना पळवून लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. फुल फ्रेम बॉडी घेतल्याशिवाय ‘सीरियस’ होता येत नाही, ऑटोवर काढणं म्हणजे कमीपणा, पहिल्या दिवसापासून फुल मॅन्युअल, फोनवर काढलेला फोटो दाखवूच नका: हे सगळं साफ खोटं आहे. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर आयुष्यभर उत्तम काम करणारे व्यावसायिक आहेत. दहा वर्षं जुनी, वापरलेली बॉडी आणि 18-55 ची किट लेन्स शिकायला भरपूर झाली. तिला पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, एवढी काळजी पुरे. आणि ज्याच्याकडे कॅमेरा नाही त्यानं फोनवरच शिकावं. माझा वाद फोनशी नाही. वाद आहे तो फोननं सगळं ठरवू द्यावं या सल्ल्याशी.

म्हणून वर्ग चालवणाऱ्यांनी, मंडळांनी, गावोगावच्या वाचनालयांनी एवढं करावं. पहिल्या दिवशी कुणालाही खरेदीची यादी देऊ नये. ज्याच्याकडे जे आहे ते घेऊन यायला सांगावं. ब्यूटी मोड बंद करायला लावावा. एका खिडकीशी एक माणूस बसवावा, खोलीतले दिवे मालवावेत, आणि प्रत्येकाला त्याच्याभोवती फिरून चार बाजूंनी फोटो घेऊ द्यावेत: उजेड समोरून, बाजूनं, मागून, तिरपा. मग चारही फोटो शेजारीशेजारी लावून विचारावं की नाकाची सावली कुठे पडली, डोळ्यांत खिडकी कुठे दिसते, मागून उजेड असताना चेहरा का काळवंडला आणि तो उजळायला कुठली पट्टी किती सरकवली. एफ नंबरचं कोष्टक दुसऱ्या आठवड्यात आलं तरी चालेल.